ड्रग-अल्कोहोल टेस्टिंगचा व्यवसाय: आधी मशीन घ्यावं का?

सरळरेघ

नमस्कार मंडळी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं काढली, आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचं आहे. कंपन्यांच्या जागेवर जाऊन ड्रायव्हर, मशीन चालवणारे कामगार वगैरेंची दारू आणि अमली पदार्थांची टेस्ट करून द्यायची, अशी कल्पना आहे. भरतीच्या आधी, अपघातानंतर आणि मधूनच अचानक, अशी तिन्ही कामं घेईन. जमवलेल्या पैशांतून आधी तपासणीचं मोठं मशीन घ्यायचं डोक्यात आहे, म्हणजे नमुने बाहेर पाठवायला नकोत. भागीदार म्हणतो, घाई करू नकोस. कुणी हे काम केलंय का?

चौथीशिफ्ट

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो, आमच्याकडे अशी टेस्टिंग होते. तुमच्याकडे मशीन कोणतं आहे हे आम्ही कधीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: रात्री अडीचला अपघात झाला तर फोन कोण उचलणार आणि किती वेळात पोहोचणार? पहिल्या ठेकेदाराला आम्ही याच एका कारणावरून बदललं.

सीलबंद

नऊ वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मशीन घेऊ नका. लघवीच्या कपातल्या पट्टीवर किंवा लॅबच्या पहिल्या चाळणीत जे पॉझिटिव्ह येतं, तो निव्वळ संशय असतो. त्याची खातरजमा जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसवरच होते, म्हणजे नेमका कोणता पदार्थ आहे हे ओळखणाऱ्या मोठ्या मशीनवर. ते मशीन, ते चालवणारी माणसं आणि मान्यता हे सगळं सांभाळणं हा वेगळाच धंदा आहे. मान्यताप्राप्त लॅबशी करार करा. तुमच्या हातात राहतं ते नमुना घेणं आणि तो कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याचा कागद. भांडण होतं ते तिथेच.

माझीच फजिती सांगतो. पहिल्याच वर्षी एका ड्रायव्हरचा नमुना घेतला. मध्यरात्र उलटून गेली होती. फॉर्मवर नवी तारीख टाकली आणि बाटलीच्या सीलवर सवयीने आदल्या दिवशीची. लॅबने नमुना उघडलासुद्धा नाही. तो माणूस आठवडाभर घरी बसला, कंपनीने मला बिल तर दिलं नाहीच, वर दोन तास झापलं. तेव्हापासून माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘सील, फॉर्म, घड्याळ’. नवा मुलगा कामाला आला की आधी ती मोठ्याने वाचायला लावतो. हसतात, पण वाचतात.

लॅबमध्ये तुम्ही नळीतला नमुना बघितलाय, देणारा माणूस नाही. इथे आधी टॉयलेट तयार करावं लागतं, म्हणजे कुणाला नमुन्यात पाणी किंवा दुसरं काही मिसळता येऊ नये. कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकायचा, नळ बंद करून त्यावर टेप मारायची, साबण आणि फिनेल बाहेर काढायचं, फ्लशच्या टाकीचं झाकणही उचलून बघायचं. माणसाचे खिसे रिकामे करून घ्यायचे. कप हातात आला की चार मिनिटांच्या आत त्यावरची तापमानाची पट्टी वाचायची, ३२ ते ३८ अंशांच्या मध्ये हवी. एकदा एकाने कप दिला तेव्हा पट्टीवर काहीच उमटलं नव्हतं. म्हणजे नमुना एक तर फार थंड, नाही तर फार गरम. तो माझ्याकडे बघतोय, मी पट्टीकडे. अशा वेळी आरोप करायचा नाही, आवाज चढवायचा नाही. फॉर्मवर नोंद करायची आणि दुसरा नमुना समोर उभं राहून घ्यायचा. समोर उभा राहणारा पुरुषाला पुरुष, बाईला बाई. म्हणून सांगतो, मशीनच्या पैशात एक बाई आणि एक पुरुष असे दोन चांगले कलेक्टर, म्हणजे नमुना घेणारे, तयार करा.

नमुना त्याच्या देखत दोन बाटल्यांत ओतायचा, त्याच्या देखत सील करायचा आणि सीलवर त्याची आद्याक्षरं घ्यायची. दुसरी बाटली त्याच्या हक्काची असते. निकाल मान्य नसेल तर तीच कामी येते.

दारूसाठी फ्युएल सेल सेन्सरवालं ब्रेथ अ‍ॅनलायझर घ्या. सेमीकंडक्टरची स्वस्त खेळणी नकोत, ती अ‍ॅसिटोनलाही दारू समजू शकतात. पहिली फुंक पॉझिटिव्ह आली तर १५ मिनिटं थांबायचं. त्या वेळात खाणं नाही, पिणं नाही, सिगरेट नाही आणि तुमची नजर त्याच्यावर. माउथवॉशचा तोंडात राहिलेला अल्कोहोल तेवढ्यात उडून जातो. मग दुसरी फुंक. कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय का ते तपासल्याची, वही मात्र रोजच्या रोज लिहा. वकील आधी तीच मागतो.

सरळरेघ

सीलबंद, मनापासून आभार. डोळे उघडले. एक शंका: पॉझिटिव्ह आलं की मी सरळ मॅनेजरला कळवायचं ना?

सीलबंद

मुळीच नाही! मध्ये डॉक्टर हवा, रिव्ह्यू करणारा. खोकल्याच्या औषधातलं कोडीन ओपिएट म्हणून दिसतं, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन पहिल्या चाळणीत अ‍ॅम्फेटामाइनसारखं भासू शकतं. खसखशीनेही मॉर्फिन दिसतं. त्याच भानगडीमुळे अमेरिकेच्या सरकारी टेस्टिंगमध्ये ओपिएटची मर्यादा १९९८ मध्ये मिलीलिटरमागे ३०० वरून थेट २००० नॅनोग्रॅमवर नेली. डॉक्टर त्या माणसाशी बोलतो, प्रिस्क्रिप्शन बघतो, मगच निकाल पक्का होतो. तोवर फोनवर ‘काहीतरी आलंय’ एवढंही बोलायचं नाही.

आणि गिऱ्हाइकाला करारातच समजावा: लघवीत गांजा सापडला म्हणजे माणूस त्या क्षणी नशेत होता असं ठरत नाही. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडतो. दारूचं उलट, श्वासात काही तासच. हे आधी बोलला नाहीत तर अपघातानंतरचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल.

चौथीशिफ्ट

एक राहिलं. अचानक टेस्टसाठी नावं कॉम्प्युटरनेच काढू द्या. आमच्या एका सुपरवायझरला यादी ‘सुचवायची’ फार हौस होती. त्याच्या यादीत दर वेळी तीच तीन माणसं.

सरळरेघ

भागीदाराला धागा वाचायला दिला. मशीनचं कोटेशन त्याने माझ्यासमोरच फाडलं. उद्यापासून कलेक्टरच्या ट्रेनिंगची चौकशी. सीलबंद, ती झाकणावरची चिठ्ठी ढापू का?

सीलबंद

ढापा. चौथा शब्द वाढवा: ‘पेन’. ऐन वेळी चालत नाही.