मदत हवी आहे: आठवड्याच्या ग्रोथ हार्मोनचं पेटंट भारतात कधी संपेल?

नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या भाचीला ग्रोथ हार्मोनची कमतरता आहे. रोज रात्री पेनने इंजेक्शन. काल मांडीला दिलं होतं की पोटाला, यावर आधी मायलेकींचा वाद, मग सुई. आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधं निघालीत. अमेरिकेत मुलांसाठी लोनापेगसोमाट्रोपिनला २०२१ मध्ये, सोमाट्रोगॉन आणि सोमापॅसिटानला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण यांचे स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तशीच औषधं, कधी येऊ शकतील?

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, एवढं ठाऊक आहे. गोम पुढे आहे: रेणूचं पेटंट वेगळं, पेनचं वेगळं. अमेरिकेत बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेल्या) औषधांना वरून १२ वर्षांचं संरक्षण मिळतं, तो कायदा इथे लागू नाही. उलट आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३(ड) आहे: जुन्याच औषधाच्या नव्या रूपाचा परिणाम जास्त नसेल तर पेटंट नाही. म्हणजे तिकडची तारीख इकडे चालणार नाही.

पेटंट कार्यालयाच्या इनपास या ऑनलाइन शोधसेवेवर ब्रँडच्या नावाने काहीच सापडत नाही. मग कशाने शोधायचं, कंपनीच्या की रेणूच्या नावाने? नूतनीकरण शुल्क भरलंय का, हे कुठे दिसतं? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या फार्मा कंपन्यांत किंवा पेटंटच्या कामात कुणी असेल तर सांगा.

आणि हो, उंची वाढवायच्या पावडरी कृपया सुचवू नका, नातेवाईकांनी त्या सगळ्या आधीच सुचवल्यात.