शब्दचर्चा : ओव्हरडब, कोरस, प्रोड्यूसर, साँगरायटर – मराठीत काय लिहावं?

सातरस्ता : सोलापुरात जुन्या एलपी ऐकण्याची एक बैठक ठरते आहे. १९६६ ते १९८२ मधले गाजलेले इंग्रजी पॉप अल्बम, आणि प्रत्येकासोबत तो कसा घडला याचं पानभर मराठी टिपण. मसुद्यातले चार शब्द खटकताहेत. ओव्हरडबला ‘पुनर्ध्वनिमुद्रण’, कोरसला ‘कोरस’च, प्रोड्यूसरला ‘निर्माता’ आणि साँगरायटरला ‘गीतकार’ असं लिहिलंय. जाणकारांनी सांगा की, यातलं काय ठेवावं?

होटगी रोड : ‘पुनर्ध्वनिमुद्रण’ आधी काढा. पुन्हा रेकॉर्ड करणं म्हणजे पहिलं टाकून नवं घेणं. तो रीटेक झाला. ओव्हरडबमध्ये पहिलं जसंच्या तसं राहतं आणि ते कानात ऐकत मोकळ्या ट्रॅकवर नवं भरलं जातं. नुसता ‘डब’ही नको. आपल्याकडे कॅसेट डब करणं म्हणजे नक्कल काढणं, आणि सिनेमा डब करणं म्हणजे दुसऱ्या भाषेत आवाज देणं.

टेपवर काय घडतं ते एकदा नीट पाहू. एक इंच रुंद टेपवर चार समांतर पट्टे, म्हणजेच ट्रॅक, मागावरच्या ताण्यातल्या दोऱ्यांसारखे शेजारी पण सुटे. टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग रेकॉर्ड हेडवरून, मग प्लेबॅक हेडवरून. वेग सेकंदाला ३८ सेंमी. रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमध्ये ५ सेंमी अंतर धरलं, तर प्लेबॅक हेडचा आवाज ऐकत गाणाऱ्याचा सूर टेपवर ०.१३ सेकंद मागे पडतो. मिनिटाला १२० ठेके असलेल्या गाण्यात हा पाव ठेक्याचा घोळ, ऐकणाऱ्याला लगेच कळतो. म्हणून जुने ट्रॅक त्या वेळी रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवतात. आवाज जरा दबका येतो, पण वेळ चुकत नाही.

हे सगळं ज्यात मावेल असा शब्द म्हणून मी ‘ट्रॅक चढवणं’ सुचवतो.

नवी पेठ : अण्णा, ‘ट्रॅक चढवणं’ उत्तम. फक्त वाक्यात ‘गायकाने आवाज चढवला’ असं कुठे येऊ देऊ नका, वाचणाऱ्याला तो चिडला असं वाटेल. ‘गायकाने दुसरा आवाज वेगळ्या ट्रॅकवर चढवला’ असं सविस्तर लिहा.

याची जोडी म्हणजे ‘उतरवणं’. बाउन्स किंवा रिडक्शनसाठी हाच शब्द घ्या. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६७ सालचा बीटल्सचा सार्जंट पेपर हा अल्बम झाला तो चार ट्रॅकच्या मशीनवर. चारही ट्रॅक भरले की ते मिसळून दुसऱ्या मशीनच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे. उरलेले ट्रॅक पुन्हा मोकळे. पण उतरवलं की निर्णय पक्का होतो. ड्रम आणि बेस एका ट्रॅकवर एकत्र गेले आणि पुढे बेस कमी वाटला, तर तो एकटा वाढवता येत नाही, सोबत ड्रमही वाढतात. शिवाय दर उतरणीला टेपची खरखर वाढते आणि झांजांची धार बोथट होते. त्यामुळे ‘किती वेळा उतरवलं’ ही माहिती टिपणात असायला हवी, आवाजाचा पोत तिच्यावरून उलगडतो.

त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ४० वादकांचा ताफा १० फेब्रुवारी १९६७ ला घेतला. ट्रॅक पुरेनात, तेव्हा केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एका टेपवर ५० हर्ट्झचा सूर भरून त्याच्या आधाराने दोन मशीन एकत्र चालवली. इथे ‘उतरवलं’ लिहू नका. ही ‘जोडणी’ आहे.

होटगी रोड : बरोबर. आणि ट्रॅक जास्त मिळाले म्हणून सगळं सुटलं असंही नाही. १९७७ चा फ्लीटवुड मॅकचा रूमर्स २४ ट्रॅकवरचा. ट्रॅक चढवताना तीच टेप इतक्या वेळा हेडवरून घासली गेली की तिचा लेप झिजला आणि ड्रम मंद ऐकू येऊ लागले. मूळ वाद्यांची दुसरी टेप जपून ठेवलेली होती. तिच्याशी वेग कानाने जुळवत नंतर चढवलेले ट्रॅक तिकडे नेले. टेप ‘खराब झाली’ असं मोघम लिहू नका, ‘झिजली’ लिहा. कारण त्या एका शब्दात येतं.

विजापूर वेस : कोरसबद्दल माझा ठाम आक्षेप. मराठी श्रोत्याला कोरस म्हणजे मागे गाणारा समूह. त्यामुळे ‘कोरस दोनदा येतो’ वाचून तो घोळक्याचा आवाज शोधत बसेल. ‘मुखडा’ जवळचा आहे, पण आपला मुखडा गाण्याच्या तोंडाशी असतो आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर त्यावर परत यायचं असतं. पॉपमध्ये बहुधा अंतरा आधी येतो, आणि सगळा जोर पुढे येणाऱ्या परतीच्या ओळींवर. म्हणून ‘ध्रुवपद’ घ्या. ते कुठे येतं याचं बंधन या शब्दात नाही. बीटल्सचं ‘कान्ट बाय मी लव्ह’ (१९६४) ध्रुवपदानेच सुरू होतं. ती सूचना त्यांचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिनची. तिथे मात्र ‘गाणं मुखड्याने उघडतं’ असं लिहिलंत तर अगदी अचूक होईल.

मिडल एटला नवं नाव शोधू नका. ‘आठ बारचा मधला वेगळा तुकडा’ पुरेसं आहे.

नवी पेठ : ‘निर्माता’ चालणार नाही. मराठीत निर्माता पैसे घालतो. मार्टिन १९६५ पर्यंत ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा पगारदार होता, पैसे कंपनीचे. कोणता टेक ठेवायचा, कुठे चौघांचं तंतुवाद्यवृंद घालायचं, गाणी कोणत्या क्रमाने लावायची, हे त्याचं काम. आपल्याकडे हे संगीतकार, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांच्यात वाटलेलं असतं, म्हणून एक मराठी पदनाम मिळत नाही. ‘प्रोड्यूसर’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे कामं सांगा.

विजापूर वेस : साँगरायटरला सरसकट ‘गीतकार’ म्हटलं की चाल कुणाची हे हरवतं, आणि हा त्या लोकांवर अन्याय आहे. बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनी यांना ‘गीत-संगीत’ लिहा. बीच बॉइजच्या १९६६ च्या पेट साउंड्समध्ये संगीत ब्रायन विल्सनचं, तर बहुतेक गाण्यांच्या शब्दांत टोनी ॲशरचा हात. त्याला गीतकार म्हणा. एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन यांच्यात शब्द आधी, चाल नंतर. ‘शब्दांवर चाल’ आणि ‘चालीवर शब्द’ ही आपली जुनी विभागणी इथे हुकमी बसते. बीटल्सचं ‘यस्टरडे’ चालीवर शब्दाचं उदाहरण : चाल तयार होती आणि मीटर धरायला ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ असे डमी बोल घातले होते.

सातरस्ता : सगळं टिपून घेतलं. एक राहिलं : साइडला ‘बाजू’ लिहावं का? आणि गाण्यांचा क्रम द्यायची गरज आहे का?

होटगी रोड : ‘बाजू’ लिहाच, आणि क्रमही द्या. एलपी सगळीकडे सारखीच फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २०. तिथे वरचे सूर मंदावतात, स-श फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी बऱ्याचदा संथ गाणं ठेवतात. बाजू लांबली की खाचा दाटीने पाडाव्या लागतात, मग आवाजाची पातळी आणि बेस दोन्ही घटतात. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या थ्रिलरचं पहिलं मिक्स याच कारणाने पातळ वाजलं. गाणी आखडली, ‘द लेडी इन माय लाइफ’चा एक अंतरा कापला आणि मिक्स पुन्हा केलं. तेच संथ गाणं दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहे. टिपणात पहिली बाजू चार गाणी, दुसरी बाजू पाच असं वेगळं छापा. सीडीसारखी सलग १ ते ९ यादी दिलीत, तर ‘बीट इट’ने दुसरी बाजू उघडते हे कुणाच्या लक्षात येणार नाही.