घनदाट जंगलात तीन दिवस घालवले, दिसलं काहीच नाही. परत जावं का?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी आम्ही टांझानियातलं सेरेन्गेटी पाहिलं होतं. पहिल्याच सकाळी सिंहीण आणि तिचे बछडे, दुपारी हत्तींचा कळप, असं सगळं गाडीत बसल्या बसल्या. त्याच भरवशावर यंदा विषुववृत्ताजवळच्या एका सदाहरित जंगलात गेलो. मी, नवरा आणि बारा वर्षांची लेक.

रोज नऊला निघायचं, चिखलातून भराभर सात-आठ किलोमीटर चालायचं आणि जेवायच्या वेळेला परत. वाटाड्या पुढे आणि आम्ही त्याच्या मागे धापा टाकत. अधूनमधून तो मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचा. तीन दिवसांत एक खार, दोन सरडे आणि पायांना जळवा. शेवटच्या दिवशी लेक म्हणाली, "आई, इथे प्राणी नाहीतच." हे मला फार लागलं, कारण हट्टाने तिला तिथे नेलं होतं ते मीच.

पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा आहे. थायलंडमधलं खाओ याई, पेरूमधलं मानू आणि युगांडातलं ब्विंडी ही तीन नावं डोक्यात आहेत. आमचं नक्की कुठे चुकलं? की अशा जंगलात दिसणं हा निव्वळ नशिबाचाच भाग असतो?

जुना पाणवठा
चांदणवेल ताई, लेकीला सांगा की प्राणी होते आणि त्यांनी तुम्हाला नीट पाहिलंसुद्धा. तुमचं चुकलं म्हणण्यापेक्षा तुम्हाला चुकीच्या रीतीने फिरवलं गेलं.

सेरेन्गेटीही उष्ण कटिबंधातच येतं, पण ते गवताळ रान. तिथे नजर मैलभर जाते आणि गाडीला जनावरं सरावलेली असतात. सदाहरित जंगलात नजर वीस पावलांवर अडते. जमिनीपर्यंत ऊन पोचतं ते जेमतेम एक-दोन टक्के. पानं, फुलं, फळं सगळं वर, त्यामुळे खाणारेही वरच. खाली चालत राहिलं की आपल्याला फक्त खोडं दिसतात. तिथे चालून काही मिळत नाही, बसावं लागतं. आणि कुठे बसायचं हे ज्याला कळतं तोच खरा वाटाड्या.

माझा एक अनुभव सांगतो. खाओ याईला मीही पहिले दोन दिवस असाच वणवण फिरलो. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर वाटाड्या भेटला. त्याने मला पाऊण तास चालवलं आणि एका प्रचंड झाडाखाली थांबून जमिनीकडे बोट दाखवलं. खाली कुरतडलेल्या, अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा पडला होता, उंबरासारखाच आंबूस वास सुटलेला, माश्या घोंगावत होत्या. उंबर-वडाच्याच कुळातलं झाड. "इथे बस," एवढंच म्हणाला. साडेसहा वाजले होते. पहिला अर्धा तास काहीच नाही. फक्त वरून टप्, टप् फळं पडत होती. मग लांबून हुप्प्यांपेक्षा वेगळी, चढत जाणारी लांब हाक आली. गिबन, म्हणजे लांब हातांचे, बिनशेपटीचे वानर! त्यांचं सकाळचं गाणं संपलं आणि थोड्या वेळाने एक जोडी त्याच झाडावर उतरली, मादीच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं.

मग डोक्यावरून फस् फस् फस् असा आवाज आला, जणू वाफेचं इंजिन जवळून जातंय. मोठा धनेश. त्याच्या पंखाखालच्या बाजूला मोठ्या पिसांची मुळं झाकणारी छोटी पिसं नसतात, त्या फटींतून हवा घुसते आणि असा आवाज होतो. एकामागोमाग सात धनेश आले. एक जण फळ चोचीच्या टोकात धरायचा, वर उडवायचा आणि थेट घशात झेलायचा. तीन तास मी जागचा हललो नव्हतो. पायाला मुंग्या आल्या होत्या आणि डोळे भरून आले होते.

आपण "उंबराचं फूल" म्हणतो ना, ते फूल फळाच्या आत दडलेलं असतं आणि आत शिरणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या परागीकरण करतात. त्या माशीला वर्षभर कुठे ना कुठे पिकणारं फळ लागतं, म्हणून ही झाडं सगळी एकदम फळत नाहीत. इतर फळं संपतात त्या दिवसांतही जंगलात कुठेतरी एक झाड लगडलेलं सापडतं. तेव्हा वाटाड्या ठरवताना "काय काय दाखवणार?" असं विचारू नका. "सध्या कुठलं झाड फळलंय?" हे विचारा. उत्तर पटकन आलं तर माणूस रोज जंगलात जातो असं समजा.

हेच तत्त्व क्षारमातीला, म्हणजे जिथली खारट माती खायला-चाटायला प्राणी येतात त्या जागांना, लागू. मानूमध्ये नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर मकाव पोपट माती खायला जमतात. तिथे आडोशाला पहाटेपासून बसायचं. तिथे नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणांत जी तळी झाली आहेत, त्यांत महाकाय पाणमांजरांची कुटुंबं राहतात, ती होडीतून पाहायची, वल्ही जवळजवळ न वाजवता. मलेशियातल्या तामान नगारातही क्षारमातीजवळ रात्रभर बसायला मचाणं आहेत.

नऊला निघणं तर अगदीच चूक. उजाडताना आत असायला हवं. दहानंतर जंगल गप्प होतं, ते चारच्या पुढेच पुन्हा बोलायला लागतं.

आणि ब्विंडी लेकीसाठी सध्या विसरा. गोरिलांच्या भेटीसाठी तिथे किमान वय १५ लागतं. एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, आठ जणांच्या गटाने आणि तासभरच भेटता येतं. गोरिलांना माणसाचे आजार होतात, म्हणून हे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत.

निर्गुडी
मी डॉक्टर आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगते. जळू ओढून काढू नका, तिच्यावर मीठ किंवा पेटती काडी तर नकोच. त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाशी, म्हणजे तोंडाशी, नख आडवं सरकवलं की सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरू नका, स्वच्छ धुवा आणि दाबून धरा. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे विजारीवरून चढवले की हा प्रश्न बहुतेक उरतच नाही.

दुसरं, मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या, काही आठवडाभर तर काही चार आठवडे. घरी आलो, बरं वाटतंय, म्हणून लोक मध्येच बंद करतात. तसं करू नका. कुठली गोळी आणि किती, ते लेकीचं वजन पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. पुढे कधी युगांडाला गेलात तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागेल. ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं. २०१६ पासून ते जन्मभर चालतं.

सातभाई
पाणवठा काकांशी सहमत. मला त्या मोबाइलवरच्या आवाजांबद्दल बोलायचंय. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की दुसरा नर हद्दीत घुसलाय. तो खाणं सोडून धावत येतो, पुन्हा पुन्हा येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते. पुढच्या वेळी सरळ सांगा, "आवाज लावू नका, आम्ही थांबतो."

दुर्बीण घेणार असाल तर १० बाय ४२ च्या मोहात न पडता ८ बाय ४२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). त्या काळोख्या जंगलात तिच्यातून डोळ्याला जास्त उजेड मिळतो आणि हातही कमी हलल्यासारखा वाटतो. डासांच्या मलमात डीट हे डास पळवणारं रसायन असेल तर ते लावल्यावर हात पुसल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नका. डीट प्लास्टिक विरघळवतं. माझ्या दुर्बिणीच्या कडेवर माझ्याच अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय.

चांदणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणवठा काका, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. धनेशाचा आवाज तिने तोंडाने काढून पाहिला! मग खाओ याईच ठरवतोय. पण तीन तास एका जागी बसणं तिला झेपेल का, ही धास्ती आहे. आणि रात्रीच्या फेरीला तिला न्यावं का?

जुना पाणवठा
तीन तासांनी सुरुवात करू नका. पहिल्या दिवशी वीस मिनिटं बसवा आणि वहीत फक्त आवाज लिहायला सांगा. मुलांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. जमलं तर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जा. तेव्हा धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. मात्र ढोलीपासून लांब, आडोशालाच राहा. माणसं दिसली तर नर घास घेऊन परत फिरतो आणि मादी उपाशी राहते.

रात्री जरूर न्या, वाटाड्यासोबत आणि मळलेल्या वाटेवरूनच. विजेरी हातात खाली न धरता कानशिलाला, डोळ्यांच्या रेषेत धरायला सांगा, म्हणजे जनावराच्या डोळ्यातून परतणारा उजेड सरळ आपल्या डोळ्यात येतो. झाडावर नारिंगी ठिपक्यांची जोडी दिसली की लाजवंती (लोरिस, मोठ्या डोळ्यांचं छोटं निशाचर जनावर) असू शकेल. तेव्हा उजेड लगेच बाजूला करायचा, तिचे डोळे फार नाजूक.

आणि आधी विजेरी गवतावर फिरवायला लावा. दंव पडल्यासारखे बारीक चमकते कण दिसतील. त्यातला एक निवडून, नजर न हलवता, हळूहळू जवळ जायला सांगा. अगदी वाकून पाहिलं की तिथे कोळी बसलेला असेल, तिच्याकडेच बघत.