मदत हवी आहे: स्वीडिशमधला प्रत्यय मूळचा की उसना, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

स्पॅनिशनंतर आता स्वीडिश शिकते आहे. भाववाचक नामांच्या प्रत्ययांपाशी अडले आहे, जाणकारांनी मदत करावी.

स्पॅनिशचं बरंचसं सरळ आहे. लॅटिन 'लिबेर्तातेम'चं स्पॅनिशमध्ये 'लिबेर्ताद' झालं, इटालियनमध्ये 'लिबेर्ता', फ्रेंचमध्ये 'लिबेर्ते'. प्रत्यय एकच, फक्त वेगवेगळा झिजलेला. वेदांतल्या 'सर्वताति', 'देवताति' या शब्दांमधला 'ताति' त्याचाच भाऊबंद, हे वाचून फार आनंद झाला होता! लॅटिन '-आतिकुम'चे मात्र स्पॅनिशमध्ये दोन वारस आहेत: 'नोबियास्गो'मधला (लग्नाआधीचं प्रेमाचं नातं) '-आस्गो' घरीच वाढला, तर 'बियाहे'मधला (प्रवास) '-आहे' पिरेनीज पर्वतांपलीकडून, म्हणजे फ्रान्सच्या बाजूने आला.

स्वीडिशमध्ये खरी गुंतागुंत आहे. 'फ्रीहेत' म्हणजे स्वातंत्र्य. त्यातला '-हेत' मध्ययुगात हान्सा (उत्तर जर्मन व्यापारी शहरांचा संघ) व्यापाऱ्यांच्या लो जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या भाषेतून आला. 'लिबेर्ताद'मधल्या '-ताद'शी त्याचं काही नातं नाही. तो मुळात 'रीत, प्रकार' अशा अर्थाचा सुटा शब्द. गॉथिक या लुप्त जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या कुळातल्या) भाषेत तो 'हैदुस' असा सापडतो आणि आपला संस्कृत 'केतु' त्याच्याच कुळातला. 'बागेरी'मधला (बेकरी) '-एरी' तर फ्रेंचमधून लो जर्मनमार्गे आलेला.

आता प्रश्न. स्वीडिशची बहीण असलेल्या आइसलँडिकवर लो जर्मनचा प्रभाव कमी पडला, म्हणून तिथे जो प्रत्यय सापडेल तो मूळचा, अशी कसोटी मी लावते. '-दोम'ला ती लागू पडते, कारण आइसलँडिकमध्ये '-दोमुर' आहे. पण शिक्षकाला स्वीडिशमध्ये 'लेरारे' आणि आइसलँडिकमध्ये 'केन्नारी' म्हणतात, आणि दोन्हींतला प्रत्यय लॅटिन '-आरियुस'चा, जर्मानिक भाषांनी फार पूर्वीच उचललेला!

'वेन्स्काप'मधल्या (मैत्री) '-स्काप'चं तर आणखी अवघड. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची मध्ययुगीन भाषा) '-स्कापर' होताच, वर लो जर्मनच्या '-स्खोप'ने त्याला बळ दिलं. अशा प्रत्ययाला काय म्हणायचं?

१३व्या शतकातल्या व्हेस्तरयोतलंड या स्वीडिश प्रांताच्या कायद्याची भाषा आणि १५व्या शतकातले स्वीडिश दस्तऐवज शेजारी ठेवून '-स्काप'ची नामं मोजली, तर काही हाती लागेल का? की प्रत्यय कुठल्या धातूला किंवा विशेषणाला जोडला आहे, हे पाहणं जास्त भरवशाचं? कुणी जर्मानिक भाषाशास्त्र शिकलं असेल तर कृपया सांगा. इंग्रजी किंवा जर्मन पुस्तक सुचवलंत तरी चालेल.