मास्क का लावलात, का काढलात? कोल्हापूरकरांचे अनुभव

करवीरकर (धागाकर्ता)

२ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातली मास्कसक्ती उठली. त्याआधीची दोन वर्षं आपण सगळ्यांनी तोंडाला काही ना काही बांधून काढली. कुणी भीतीनं, कुणी पावतीच्या धाकानं, कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. बरेच जण नुसताच हनुवटीखाली अडकवून फिरले. मास्क चांगला की वाईट हा वाद मला नको. नियम सांगणाऱ्यावर तुमचा विश्वास कधी बसला, कधी उडाला, तेवढं लिहा. राजकीय धुणी इथं धुऊ नका, त्यासाठी बिंदू चौक आहे.

साचेवाला

फौंड्रीत मोल्डिंगला आहे. वाळू, कोळशाची भुकटी आणि धूर यातच आमचा दिवस जातो. जुनी माणसं गमजा बांधून काम करायची. मास्क मागितला की "बघू" एवढंच उत्तर यायचं. २०२० च्या टाळेबंदीनंतर कारखाना सुरू झाला, तर गेटवरच मास्क, कपाळावर धरायची तापाची बंदूक आणि सॅनिटायझरची बाटली. आमच्यातला एक म्हातारा कारागीर तिथंच म्हणाला, "इतकी वर्षं छातीत वाळू गेली तवा मास्क न्हवता. आता आमचं सायबाला लागंल म्हणून आला."

त्या वाक्यानंतर खात्यात मास्कची इज्जत गेली ती गेलीच. ओतकामाला भट्टीपुढं उभं राहिलं की कापड घामानं भिजून नाकाला चिकटायचं, श्वास ओढला की आत यायचं. मग मास्क खाली. साहेब दिसला की कोणीतरी हाळी द्यायचा, "वर घ्या रे!" सगळे वर घ्यायचे. आजाराशी त्याचा संबंध राहिला नव्हता.

गंगावेस_कट्टा

साचेवाले भावा, पटलं. पण आमच्याकडं उलटं झालं. पहिल्या लाटेत गाडीवरून भोंगा फिरायचा, लोक खिडकीतनं बघून आत जायचे. तालमीच्या पोरांनी मनावर घेतल्यावर फरक पडला. गल्लीच्या तोंडाला खुर्ची टाकून बसायची. "मामा, मास्क? घरातनं घेऊन या, आम्ही थांबतो हितं." मामा चिडायचे, चार शिव्या द्यायचे, पण परत जाऊन घेऊन यायचे. कारण हाच पोरगा रात्री अपरात्री त्यांच्या घरी सिलिंडर पोचवणार, हे त्यांना ठाऊक होतं.

दूध कट्ट्यावर मात्र कुणाचंच काही चाललं नाही. म्हशीच्या धारेचं फेसाळ दूध उभ्या उभ्या प्यायचं म्हणजे मास्क काढावाच लागतो. ओठावर फेसाची मिशी घेऊन माणूस दुसऱ्याला सांगतोय, "जरा लांब थांब की रं." हे मी डोळ्यानं बघितलंय.

महाद्वार_कापडवाला

"मास्क नाही, प्रवेश नाही" हा बोर्ड आम्ही मनापासून लावला होता. गिऱ्हाईक परत पाठवणं सोपं नसतं, तरी पाठवलं. काउंटरवर दोरी बांधली, ट्रायल बंद केली.

मग जून २०२१ आला. ७ जूनपासून राज्यानं पॉझिटिव्हिटी आणि ऑक्सिजन बेड बघून जिल्ह्यांचे पाच स्तर केले. आपण चौथ्यात. बाकीचे जिल्हे उघडले, आमची शटरं खालीच. भाजी, किराणा सुरू आणि तिथं ही गर्दी. मी मास्क लावून, लांब उभा राहून साडी विकली तर गुन्हा. शेजारी मास्क नाकाखाली ठेवून कांदे निवडले तर जीवनावश्यक! व्यापारी रस्त्यावर आले ते काय मास्कविरोधात नव्हे. सगळं पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याला एकच शिक्षा मिळणार असेल तर पाळायचं कशाला, हा त्यांचा सवाल होता. आमच्या दुकानातल्या पोरांचे मास्क त्याच महिन्यात ढिले झाले.

पन्हाळा_रोड

@महाद्वार, राग समजतो, पण त्या महिन्यात इथल्या दवाखान्यांत खाट मिळवताना काय हाल झाले ते ज्यांनी बघितलंत त्यांना विचारा. भीती खरी होती.

आणि मास्क नसला की होणाऱ्या दंडाला बरेच जण नावं ठेवतात. टोल घालवलेलं गाव आपलं. हेल्मेटसक्ती म्हटलं तरी मोर्चा निघतो. पावतीपुस्तक नसतं तर अर्ध्या गावानं मास्क विकतसुद्धा घेतला नसता. माझं मत आहे, शिव्या घाला.

रुमालवाली

शिव्या नाही, पण एक सांगते. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानंच घरी शिवलेले कापडी मास्क लावा म्हणून सांगितलं. टीव्हीवर पंतप्रधान गमछा बांधून बोलले. बचत गटाच्या बायकांनी इचलकरंजीच्या कापडाचे ढीगभर मास्क शिवले, त्यात मीही होते. चुण्या तीन घालायच्या, वरची दुमड नाकावर येईल अशी. इलास्टिक मिळेना तेव्हा कापडाच्या नाड्या लावल्या.

मग २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशात आलं की रुमाल म्हणजे मास्क नव्हे, रुमाल बांधला तरी ५०० रुपये दंड. कारण असेलही. सैल रुमाल कडेनं उघडा राहतो, हे शिवणारीला वेगळं सांगायला नको. पण ते कारण रुमालवाल्याला कुणी सांगितलं? पथकानं थांबवलेल्या एका आजोबांना मी विचारताना ऐकलं, "काल चालत हुता, आज काय झालं?" उत्तर म्हणून त्यांच्या हातात पावती आली.

चिखलीकर

मला वाटतं सगळे एका गोष्टीला वळसा घालताय. आम्ही प्रयाग चिखलीचे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की पुराचा इशारा, ४३ ला धोका. हा आकडा आला की आमच्यात कुणी वाद घालत नाही. २०१९ ला काही जण थांबले, त्यांचे हाल सगळ्यांनी बघितले. जुलै २०२१ ला आकडा चढायला लागल्यावर लोकांनी आधीच जनावरं सोडली, सामान माळ्यावर टाकलं, पोरंबाळं घेऊन बाहेर पडले. त्यासाठी पोलीस लागले नाहीत.

तेच लोक त्याच आठवड्यात निवाऱ्याच्या शाळेत एकाला एक लागून बिनमास्कचे बसले होते. अडाणी म्हणून नव्हे. बंधाऱ्याचा आकडा खोटा असेल तर तासाभरात बांधावर जाऊन कळतं. पाणी सगळ्यांच्या दारात सारखंच येतं, पाटलाच्या आणि हरिजनवाड्याच्याही. कोरोनाचा आकडा आम्हाला मोबाईलवर यायचा, तो कुठनं आला, कसा मोजला, कुणालाच माहीत नाही. वर गावात चर्चा अशी, की आमच्या लग्नाला माणसं मोजून आणि २ मे २०२१ ला गोकुळ दूध संघाचं मतदान मात्र होणार. नियम सगळ्यांना सारखा नाही असं एकदा मनात बसलं की तज्ज्ञ काय सांगतायत ते ऐकूच येत नाही.

साचेवाला

चिखलीकर, नाद खुळा. बंधाऱ्याचं एकदम बरोबर.

आशाताई_करवीर

सप्टेंबर २०२० ला "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चा सर्व्हे करत घरोघरी फिरलो. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा म्हटलं की काही घरं कडीच काढायची नाहीत. आकडा कमी आला तर उचलून नेतील ही भीती. एका घरात सासू दारात आडवी उभी राहिली. मी आधी माझ्या बोटाला लावून आकडा दाखवला, मग तिच्या नातवाच्या बोटाला, मग ती स्वतःहून बोट पुढं करून म्हणाली, "बघ गं माझंबी." पुढच्या वेळी तिनंच पदर तोंडावर घेतला आणि शेजारणीला हाक मारली.

पण सुरुवातीला आमचेच मास्क धुऊन धुऊन पातळ झालेले. एक आज्जी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुलाच सरकारनं धड दिला न्हाई, मला काय सांगत्यास?" त्या ऑक्टोबरात राज्यानं किमती बांधल्या, तीन पदरी ४ रुपये, एन-९५ १९ ते ४९. त्यानंतर मी एक एन-९५ विकत घेतला आणि त्याच आज्जींकडं परत गेले. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला, नाकावरची पट्टी दाबून बघितली आणि विचारलं, "ह्यो केवढ्याला पडला? ह्यांच्यासाठी एक आणशील का? दम्याचं हाईत."