विचार चालू असताना तोच विचार पाहता येतो का?

प्रश्न : गणितशिक्षिका, राजारामपुरी

मी कोल्हापुरात दहावीच्या मुलांना गणित शिकवते. उदाहरण सोडवताना मनात जे येते ते मुलांनी मोठ्याने बोलावे, असा परिपाठ मी वर्गात सुरू केला आहे. एक मुलगी वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना संख्यांची योग्य जोडी क्षणात निवडते, पण "हीच जोडी का घेतलीस?" असे विचारले की पुस्तकातील पद्धत पायरीपायरीने सांगते, आणि तिचा वेग पाहता त्या क्षणी तिने ती पद्धत वापरली असेल असे मला वाटत नाही. विचार करणारा आणि त्याकडे पाहणारा अशी एकाच माणसाची दोन शकले होऊ शकत नाहीत, हा फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँतचा आक्षेप वाचल्यापासून प्रश्न पडला आहे, की मुलांच्या अशा सांगण्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, ताराबाई पार्क

बाई, काँतला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1865 मध्ये उत्तर दिले होते, की विचार सरताच, त्याची स्मृती ताजी असताना, त्याचे निरीक्षण करता येते. आपल्याकडे नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, भूमिका याच्या जवळ जाते : "हा घट आहे" हे पहिले ज्ञान, आणि "मला घटाचे ज्ञान झाले आहे" हे त्यामागून येणारे दुसरे ज्ञान, म्हणजे अनुव्यवसाय. भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिल भट्टांचे अनुयायी, मात्र ज्ञान प्रत्यक्ष दिसतच नाही, वस्तू ज्ञात झाली आहे यावरून त्याचे अनुमान करावे लागते, असे मानतात. आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत मला हे भाट्ट मत अधिक लागू वाटते : ती आपला विचार पाहून नव्हे, तर आलेल्या उत्तरावरून अनुमानाने सांगत असावी.

उत्तर : मानसशास्त्राची विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

सरांच्या शेवटच्या वाक्याला प्रयोगांचाही आधार आहे. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या 1977 च्या लेखात एक प्रयोग आहे : हुबेहूब सारखे असलेले पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून ग्राहकांना उत्तम जोड निवडायला सांगितले, तेव्हा सर्वांत उजवीकडचा जोड सर्वांत जास्त निवडला गेला, पण कारण विचारल्यावर जागेचा उल्लेख आपणहून कोणीही केला नाही. लोक कारण आठवत नाहीत, पटण्यासारखे कारण अनुमानाने जुळवतात आणि तेच आपल्याला आत दिसले असे मानतात, असा लेखकांचा निष्कर्ष होता.

यावरून मुलांचे सगळेच बोलणे निरुपयोगी ठरत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एरिक्सन आणि सायमन या संशोधकांनी 1980 मध्ये दाखवले, की काम चालू असताना लक्षात असलेली गोष्ट केवळ उच्चारली तर विचारांचा क्रम फारसा बदलत नाही, मात्र प्रत्येक पायरीचे स्पष्टीकरण मागितले की तो बदलू शकतो. आपण "का" विचारता तिथेच घोटाळा होतो, "आत्ता कोणत्या संख्या मनात आहेत?" असे विचारून पाहावे.

उत्तर : तालमीतील वस्ताद, शुक्रवार पेठ

कुस्ती चालू असताना पोराला बोलता येत नाही, म्हणून मला नंतरच विचारावे लागते. "पट (पायाला धरण्याचा डाव) का काढलास?" म्हटले की सगळ्यांचे उत्तर एकच येते, जे मीच त्यांना कधीतरी शिकवलेले असते. म्हणून मी समोरच्याचे वजन कोणत्या पायावर होते आणि त्याचा हात कुठे होता, एवढेच विचारतो, आणि तेही लगेच, अंगावरची माती झाडायच्या आत. त्यातून पोराची नजर कुठे होती ते मला कळते.

प्रश्नकर्ती

वस्ताद, आपला प्रश्न मी वर्गात जसाच्या तसा वापरणार आहे. पण सर, गणितात "का" विचारणे सोडून कसे चालेल?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक

सोडू नये, बाई. ही जोडी बरोबर का आहे, याचे उत्तर तिला देता आलेच पाहिजे, आणि ते गुणाकार करून ताडता येते. ती जोडी तिला कशी सुचली, हा निराळा प्रश्न आहे, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून वहीत नोंदवले जाऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.