शब्दचर्चा: चांगल्या कामाबद्दल द्यायचं पत्र – प्रशस्तिपत्र, कौतुकपत्र की आभारपत्र? (प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मसुदा
सुट्या भागांच्या कारखान्यात चांगल्या कामाबद्दल कामगारांना इंग्रजीत 'अप्रिसिएशन लेटर' दिलं जातं. आता ते मराठीत द्यायचं आहे. शीर्षकासाठी तीन शब्द समोर आहेत: प्रशस्तिपत्र, कौतुकपत्र, आभारपत्र. पहिलं वाक्य सध्या असं आहे: 'आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल व व्यवस्थापनास केलेल्या सहकार्याबद्दल व्यवस्थापन आपले कौतुक करीत आहे.' वाचताना खटकतं, पण नेमकं कुठे ते कळत नाही. शिवाय फलकावरच्या 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'साठीही शब्द हवा आहे.

शब्दवेल्हाळ
खटकतंय ते 'कौतुक करीत आहे' या क्रियापदापाशी. 'मी तुमचे आभार मानतो' असं म्हटलं की आभार मानून होतात. 'अभिनंदन करतो' म्हटलं की अभिनंदन होतं. कौतुकाचं तसं होत नाही. 'मी तुमचं कौतुक करतो' एवढंच म्हटलं तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो, कारण कौतुक अजून झालेलंच नसतं. समोरच्यानं काय केलं, ते किती अवघड होतं, हे सांगण्यातच कौतुक असतं. म्हणून तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना हा शब्द सहज येतो ('साहेबांनी तुझं तोंडभरून कौतुक केलं'), पण ज्याचं कौतुक करायचं त्यालाच ती क्रिया जाहीर केली की पोकळ वाटते.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. अमरकोशात कौतुक हा कुतूहलाचा पर्याय आहे. एखादी गोष्ट पाहून मनात उठणारं नवल, हा मूळ अर्थ. मराठीत त्यात माया मिसळली आणि माया बहुधा वरून खाली वाहते: आजी नातवाचं कौतुक करते, गुरुजी विद्यार्थ्याचं करतात. उलट्या दिशेनं 'करणे' चालत नाही, तिथे 'वाटणे' घ्यावं लागतं. 'आम्हाला मॅनेजरसाहेबांचं कौतुक वाटतं' हे ठीक, 'आम्ही मॅनेजरसाहेबांचं कौतुक करतो' हे विचित्र.

'शाबास' तर पूर्णच वरून खाली येणारा शब्द. फारसी 'शाद बाश', म्हणजे 'आनंदी राहा', याचं ते आटलेलं रूप. आशीर्वादच तो, आणि आशीर्वाद देणारा वडील असावा लागतो. मराठीनं त्याला '-की' जोडून 'शाबासकी' केली. पंचविशीतल्या इंजिनिअरनं पन्नाशीतल्या फिटरला 'शाबास' म्हणू नये. तिथे 'तुमच्यामुळे काम वाचलं' एवढं म्हटलेलं जास्त पोचतं.

ताळेबंद
मग 'आभारपत्र' घ्यावं का? त्यात वयाचा आणि हुद्द्याचा प्रश्नच येत नाही.

शब्दवेल्हाळ
येत नाही, पण आभाराचा हिशेब वेगळा. त्या शब्दात 'भार' आहे. दुसऱ्यानं माझ्यासाठी काही केलं आणि त्याचं ओझं मी मान्य करतो. म्हणूनच आपण आभार 'मानतो'. आभार 'देतो' असं कुणी म्हणत नाही. धन्यवाद मात्र 'देतो', कारण 'धन्य' असं म्हणणं म्हणजे धन्यवाद, आणि ते समोरच्याच्या पदरात टाकायचं असतं. 'धन्यवाद मानतो' ही दोन्हींची खिचडी, ती टाळावी.

कामगारानं कर्तव्यापलीकडे जाऊन काही केलं असेल, म्हणजे सुट्टीच्या दिवशी येऊन बॉयलर सुरू केला, दुसऱ्याची पाळी भरून काढली, तर आभार. नेमून दिलेलं काम विलक्षण चांगलं केलं असेल, तर कामाची प्रशंसा. परीक्षा, स्पर्धा, बढती यांत यश मिळवलं असेल, तर अभिनंदन. तिन्हीसाठी एकच छापील पत्र ठेवलं की दोन प्रसंगी ते चुकणारच.

आस्थापना शाखा
शीर्षक 'प्रशस्तिपत्र' ठेवा. प्रशस्ती हा शब्द कोरीव लेखांतला आहे. समुद्रगुप्ताच्या पराक्रमाचं वर्णन करणारी हरिषेणाची प्रयाग प्रशस्ती प्रसिद्धच आहे. म्हणजे प्रशस्तीत 'काय केलं' याची नोंद अपेक्षितच असते. आज पोलीस खात्यापासून शाळांपर्यंत हा शब्द रुळला आहे, कामगारालाही तो ओळखीचा वाटेल. 'कौतुकपत्र' शाळेतल्या लहान मुलाला छान. 'प्रशंसापत्र' व्याकरणानं शुद्ध, पण बोलण्यात फारसं येत नाही.

मात्र या पत्राला केवळ शोभेचा कागद समजू नका. त्याची प्रत व्यक्तिगत नस्तीत, म्हणजे त्या कामगाराच्या फाइलमध्ये, गेलीच पाहिजे. उद्या त्या कामगारावर गैरवर्तनाचा ठपका आला तर शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य आणि त्याची आधीची सेवानोंद पाहावी, असं आदर्श स्थायी आदेश (कारखान्यांतल्या नोकरीच्या अटींचे कायद्याखालचे नमुना नियम) सांगतात. नस्तीत ज्ञापनांच्या (मेमोंच्या) प्रती तेवढ्या जपलेल्या आणि प्रशस्तिपत्र फक्त त्याच्या घरी भिंतीवर, तर सेवानोंद एकांगी होते. सरकारी कार्यालयांत 'याची नोंद सेवापुस्तकात घेण्यात यावी' हे वाक्य आदेशात मुद्दाम घालतात. खाजगी कारखान्यानंही पत्राखाली 'प्रत: व्यक्तिगत नस्ती' एवढं लिहावं.

'दखल'ही याच जातीचा शब्द. मूळ अरबी, अर्थ प्रवेश. 'दखल घेतली' म्हणजे गोष्ट नोंदीत शिरली. शब्द कोरडा आहे, गुन्हासुद्धा दखलपात्र असतो. त्यामुळे 'आपल्या कामाची दखल घेण्यात आली आहे' एवढंच लिहिलं तर वाचणारा क्षणभर दचकेल. 'चांगल्या कामाची दखल' असं स्पष्ट लिहा.

पाळीप्रमुख
आता वाक्यातल्या बाकी दोन शब्दांकडे वळू.

'सहकार्य'. प्रेसवर आठ तास उभं राहून माल काढला तो कामगारानं. त्याला 'व्यवस्थापनास सहकार्य केल्याबद्दल' म्हटलं की काम व्यवस्थापनाचं आणि त्यानं नुसता हात लावला, असा अर्थ निघतो. सहकार्य शेजारच्या विभागानं करावं. ज्यानं काम केलं त्यानं 'काम' केलं, असंच लिहा.

'योगदान' पत्रात आलं की पुढे 'मोलाचे' किंवा 'बहुमोल' आपोआप चिकटतं आणि वाचणारा ती ओळ सोडून पुढे जातो. हातभार, वाटा हे साधे शब्द आहेत. त्याहून चांगलं म्हणजे नेमकी गोष्ट. जुनं वाक्य काढून हे घालून पाहा:

'दिनांक 14 रोजी रात्रपाळीत प्रेस क्रमांक 3 चा दाब उतरत असल्याचे आपल्या लक्षात आले. आपण प्रेस थांबवून सिलिंडरच्या सीलमधून होणारी तेलगळती मेंटेनन्स विभागाला दाखवली. त्यामुळे डायचे नुकसान टळले.'

तीन वाक्यं: कधी व कुठे, काय केलं, त्यानं काय टळलं किंवा काय साधलं. एकही विशेषण नाही, आणि तरी वाचणाऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. सगळ्यात मोठी चूक नावात होते. हजेरीपत्रकावर आहे तसंच पूर्ण नाव घ्या, 'श्री. पाटील' लिहिलं तर त्याच पाळीत चार पाटील असतात. दुसरी चूक उशिराची. घटना जुलैतली आणि पत्र प्रजासत्ताक दिनाला, तोवर कशाबद्दल पत्र मिळालं हे बरोबरच्यांनाही आठवत नाही. आठवड्याच्या आत, पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं समोर असतात तेव्हा, मजकूर मोठ्यानं वाचून द्यावं. तिसरी: चौघांनी मिळून केलेल्या कामाचं पत्र एकट्या गटप्रमुखाला जातं. आणि कंत्राटी कामगार तर बहुतेक वेळा यादीबाहेरच राहतो, कारण त्याची नस्ती ठेकेदाराकडे असते. गळती त्यानं दाखवली असेल तर पत्रावर नाव त्याचंच हवं, प्रत ठेकेदाराकडे पाठवता येते.

आणि कृपा करून शेवटी 'यापुढेही अधिक जोमाने काम कराल अशी अपेक्षा आहे' हे वाक्य घालू नका. दिलेली शाबासकी त्या एका ओळीत परत घेतली जाते.

ताळेबंद
पैशाचे शब्द राहिले. पत्रासोबत रक्कम देणार असाल तर शब्द फार जपून वापरा, कारण इथे शब्दागणिक हक्क बदलतो.

'बोनस' आज कौतुकाचा शब्द नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी महागाईमुळे तो मालकांच्या मर्जीनं द्यायला सुरुवात केली. पुढे तो थांबवला तेव्हा 1924 च्या आरंभी गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं तेव्हा कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही असं ठरवलं होतं. तिथून वाद, लवाद, बोनस आयोग असं करत 1965 चा बोनस कायदा आला. सुरुवातीचा 4 टक्क्यांचा किमान दर पुढे 8.33 टक्के झाला, कमाल 20 टक्के. 2019 च्या वेतन संहितेतही हे दोन्ही दर आहेत. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. मर्जीचा शब्द पन्नासेक वर्षांत हक्काचा झाला. म्हणून कायद्यानं देणं असलेली रक्कम 'आपल्या कामावर खूश होऊन' दिली असं पत्रात लिहिणं चूक आहे.

'सानुग्रह अनुदान' याच्या उलट. स + अनुग्रह, म्हणजे कृपेसह. स्थानिक संस्थांचे कर्मचारी 1965 च्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते, म्हणून महापालिका दिवाळीला देतात त्या रकमेचं कागदोपत्री नाव सानुग्रह अनुदान. बातम्यांत त्यालाही बोनसच म्हणतात आणि वाचणाऱ्याचा घोळ होतो.

'बक्षीस' फारसी, मूळ अर्थ देणं, बहाल करणं. स्पर्धेत जिंकलेलं आणि वरिष्ठांनी खूश होऊन दिलेलं, दोन्ही बक्षीसच. पोलिसाच्या सेवानोंदीतली बक्षिसं या दुसऱ्या प्रकारची. 'बक्षिसी' मात्र हॉटेलातल्या वेटरला, हमालाला वर दिलेले पैसे. पत्रात एक वेलांटी जास्त पडली तर कामगाराचा अपमान होईल. 'बक्षीसपत्र' हा तर मिळकत दान करण्याचा नोंदणीकृत दस्त, तो शब्द या पत्राला कधीही देऊ नका. आणि मालकानं कामाबद्दल दिलेलं रोख बक्षीस आयकराच्या दृष्टीनं पगारातच धरलं जातं, नाव काहीही असो. हातात किती पडेल हे आधी सांगावं.

'पोस्त' कारखान्यात आणूच नये. दिवाळीची पोस्त पोस्टमनला, सफाई कामगाराला घरोघरी दिली जाते. ती रीत घरची आहे.

शब्दवेल्हाळ
'कदर' आणि 'चीज' यांबद्दल थोडं. कदर म्हणजे अरबीत मोल, किंमत. 'इथे कामाची कदर होते' हे कामगारानं म्हणावं, 'कष्टाचं चीज झालं' हेही त्यानंच. व्यवस्थापनानं स्वतःच्या पत्रात 'आम्ही कदर करतो' लिहिलं की ते स्वतःलाच दिलेलं प्रशस्तिपत्र होतं. 'पोचपावती'चंही तेच. 'ही आपल्या कष्टांची पोचपावती' असं पत्र देणाऱ्यानं लिहू नये. पत्र हातात पडल्यावर घेणाऱ्याला तसं वाटलं तर छानच.

फलकासाठी 'या महिन्याचे मानकरी'. पालखीपुढे चालणारे, दरबारात मान असलेले ते मानकरी. बाई असो वा पुरुष, शब्द तसाच चालतो आणि आदरार्थी अनेकवचनात छान बसतो.

पाळीप्रमुख
'मानकरी'ला एक हरकत. पालखीचा मान पिढीजात असतो, इथे तर दर महिन्याला बदलायचा.

शब्दवेल्हाळ
मूळ अर्थाला धरून हरकत बरोबर आहे. पण 'पुरस्काराचे मानकरी' हा प्रयोग वर्तमानपत्रांनी इतका रुळवला आहे की पिढीजातपणाची छटा आता कुणाला जाणवत नाही. 'आदर्श कामगार'पेक्षा हा शब्द शंभरदा बरा. 'आदर्श' अख्ख्या माणसाला चिकटतं, आणि बाकीचे कमी पडले असं न बोलता सांगतं. 'उत्कृष्ट' निदान कामापुरतं राहतं. 'गुणवंत' हा शब्द महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या गुणवंत कामगार पुरस्कारामुळे ठरावीक अर्थानं प्रचलित आहे, म्हणून कारखान्याच्या फलकावर तोच शब्द घेतला तर गैरसमज होईल.

मुद्रितशोधन
छापण्याआधी लेखन तपासा. 'प्रशस्तिपत्र', 'स्मृतिचिन्ह' यांत 'ति' ऱ्हस्व. प्रशस्ती, स्मृती हे शब्द सुटे लिहिताना मराठीत दीर्घ, पण संस्कृत समासाच्या पहिल्या पदात मूळचे ऱ्हस्व राहतात. छापखान्यातून हमखास 'स्मृतीचिन्ह' येतं. 'चिन्ह'मध्ये आधी न, मग ह. 'चिह्न' हे संस्कृत लेखन. 'बक्षीस' दीर्घ, पण 'बक्षिसाची रक्कम', 'बक्षिसे' ऱ्हस्व. निवृत्तीच्या पत्रात 'सेवापूर्ती' लिहाल तर 'पू' दीर्घ. आणि संपूर्ण पत्रात 'आपण' किंवा 'तुम्ही' यांपैकी एकच ठेवा. वरच्या नमुन्यात 'आपण' आहे, तर शेवटच्या ओळीत 'तुमचे आभार' नको.

मसुदा
शीर्षक 'प्रशस्तिपत्र' ठेवतो, 'योगदान' व 'सहकार्य' काढले, फलकावर 'या महिन्याचे मानकरी'. मजकुराची जागा छापील न ठेवता कोरी ठेवतो, म्हणजे पाळीप्रमुखांना प्रत्येक वेळी तीन वाक्यं लिहावीच लागतील. कर्तव्यापलीकडच्या कामासाठी त्याखाली एक वेगळी ओळ: 'याबद्दल व्यवस्थापन आपले आभारी आहे.' हे 'आभारी आहे' चालेल ना? 'आभार मानत आहे' जरा लांबट वाटतं.

शब्दवेल्हाळ
चालेल. सही मात्र व्यवस्थापन नावाच्या शिक्क्याची नको. ज्यानं ते काम पाहिलं त्या माणसाची, नावासकट, असू द्या.